सोडलेलं उचलणारी

पुतळीच्या वाडीत माणूस गेलं की बाराव्या दिवशी त्याच्या वापरातल्या वस्तूंचं गाठोडं बांधतात आणि वर रानाच्या कडेला व्हाळात, म्हणजे ओढ्यात, सोडतात. सोडतात म्हणायचं, टाकतात म्हणायचं नाही. घरातलं कर्तं माणूस गुडघाभर पाण्यात उभं राहतं, गाठोडं धारेवर ठेवतं, हात काढून घेतं आणि मागं न बघता घरी येतं. एकदा सोडलेलं पुन्हा उचलायचं नाही. जो उचलेल तो गेलेल्या माणसाला माघारी आणेल, अशी समजूत.

पूर्वी त्या गाठोड्यात असायचं तरी काय? कांबळं, धोतर नाहीतर लुगडं, हातातली काठी, पेज प्यायची करवंटी. चार महिन्यांत सगळं कुजून मातीला मिळायचं. आता माणसं आजारपणात फोमच्या गादीवर झोपतात, गोव्याहून आणलेलं जाड ब्लँकेट पांघरतात आणि मरताना उशाशी गोळ्यांच्या पाकिटांचा ढीग ठेवून जातात. ते सगळं पाण्यात जातं. पाणी ते थोडं पुढं नेतं आणि कुठल्यातरी मुळाला अडकवून ठेवतं.

नंदिगड्डा गावाच्या अलीकडे, डांबरी रस्त्यापासून आत, सतरा घरांची ही वाडी. पुतळी इथे दिग्गीहून लग्न होऊन आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. नवरा गणपती भाताची शेती करायचा, उरलेले दिवस रानातल्या कामावर जायचा. एकच मुलगी झाली, सुनयना. ती सोळा वर्षांची असताना गणपती आठवडाभराच्या तापानं गेला. मुलगा नव्हता, म्हणून गाठोडं दिरानं सोडलं. पण बांधलं होतं पुतळीनं. आत त्याचं ब्लँकेट होतं, वाघाचं चित्र असलेलं. गणपतीला ते फार आवडायचं. उन्हाळ्यातही पायावर घेऊन बसायचा.

पुढच्या वर्षी वाडीत कावीळ आली. नऊ माणसं पिवळी पडली, त्यांत सुनयना. तिला दांडेलीला दवाखान्यात अठरा दिवस ठेवावं लागलं. त्यातले पाच दिवस डॉक्टर पुतळीशी नीट बोलत नव्हते, नुसते पोरीचे डोळे उघडून बघायचे आणि पुढच्या खाटेकडे जायचे. त्या पाच दिवसांत पुतळी खुर्चीवर टेकलीसुद्धा नाही. बसलं तर काहीतरी सुटून जाईल असं तिला वाटे.

सहाव्या दिवशी ताप उतरला. पोर घरी आली. डॉक्टरांनी विचारलं होतं, पाणी कुठलं पिता? वाडीचं पाणी व्हाळातलं. वर कोंडीत, म्हणजे गाठोडी सोडतात त्या जागेच्या थोडं खालच्या खोल डोहात, पाईप टाकलेला आहे, तिथून पाणी आपसूक उताराने टाकीत येतं. पुतळी एकटीच वर चढून गेली. पाईपाच्या तोंडावर काहीतरी काळं, शेवाळलेलं लपेटून बसलं होतं. तिनं ओढलं. ते फाटत फाटत बाहेर आलं आणि उलटल्यावर खालच्या बाजूला वाघाचा एक डोळा अजून शाबूत दिसला.

ती तिथेच पाण्यात बसली. वर्षभर सगळी वाडी त्या ब्लँकेटातून गाळलेलं पाणी पीत होती.

तिनं ते काठावर ओढून आणलं. बाजूला आणखी दोन गाठोडी होती, तीही आणली. खाली येऊन कुणाला काही बोलली नाही, फक्त नंदिगड्ड्याच्या शाळेतल्या शिल्पाबाईंना सांगितलं की व्हाळ साफ करायला हवा, मी येते, तुम्ही बायका गोळा करा. शिल्पाबाई महिला संघाच्याही पुढारी. अवसेला इकडे नांगर धरत नाहीत, त्या दिवशी हात मोकळे असतात. तेव्हापासून दर अवसेला दहा-बारा बायका हातात पोती घेऊन व्हाळात उतरतात. वरच्या अंगाला सहलीला येणाऱ्या लोकांच्या बाटल्या, पत्रावळ्या, कुरकुऱ्यांची पाकिटं, दारूच्या फुटक्या काचा. सगळं काढतात. गाठोडं आलं की मात्र सगळ्या बाजूला सरतात आणि हाक मारतात, "पुतळे, तुझं आलंय गं!"

सात वर्षं ती गाठोडी एकटी उचलत होती. फुलाआजी, वाडीतली सर्वांत म्हातारी बाई, काठावर बसून म्हणायची, "हिला यमसुद्धा घाबरंल. म्हणंल, नगं बाबा, ही मला पोत्यात भरंल."

पुतळी हसायची. उचलताना मात्र बोलत नसे.

*

सुनयना शिकली, रामनगरात एका कापडाच्या दुकानात कामाला लागली, आणि शेजारच्या किराणा दुकानातल्या ओंकारशी तिचं जमलं. लग्न दोन्ही घरांच्या संमतीनं झालं. ओंकारची आई सुशीला मूळची खानापूरकडची, बोलायला फटकळ पण सुनेला जीव लावणारी. सुनयनाला पहिल्या वर्षी दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात पडलं. दुसऱ्या खेपेला पाचव्यात. डॉक्टरीण म्हणाली, रक्त कमी आहे, थायरॉईड आहे, औषध चुकवू नका. सुशीला स्वतः घड्याळ लावून सुनेला गोळ्या द्यायची. तिसऱ्यांदा दिवस गेले, सातवा लागला, आणि सुनयना म्हणाली, बाळंतपणाला आईकडे जाते.

त्याच सुमारास कुणीतरी रामनगरच्या बाजारात सुशीलाला पुतळीचं काम सांगितलं. दुसऱ्याच दिवशी ती बस धरून वाडीत आली. चहा घेतला नाही.

"विहीणबाई, खरं सांगा. मेलेल्याची गाठोडी तुम्ही उचलता?"

"व्हय."

"किती वर्षं?"

"सात झाली."

"आणि ह्या हातानं माझ्या सुनंच्या पोटाला तेल लावणार?"

पुतळीला वाटलं, सगळं पहिल्यापासून सांगितलं तर हिला समजेल. ही बाई सुनेला जपणारी आहे. म्हणून तिनं कावीळ सांगितली, दवाखाना सांगितला, आणि जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते ब्लँकेटही सांगितलं.

सुशीलानं तिला मध्येच अडवलं.

"म्हणजे आपल्याच माणसाचं?"

"पाईपावर होतं. पोरगी मरायला लागली होती माझी."

"तुम्ही सोडलेला माणूस माघारी आणलासा," सुशीला हळू आवाजात म्हणाली. "आणि पोरीचं पोट का ऱ्हाईना म्हणून मी दारोदार विचारत फिरतीया."

पुतळी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली, कावीळ पाण्यानं होते हे तिला डॉक्टरांनी समजावलेलं, रक्त कमी असलं की गर्भ टिकत नाही हेही. पण दोनदा पोरीला रिकाम्या पोटानं दवाखान्यातून बाहेर येताना बघितलेल्या आईच्या मनात एवढं एक वाक्य शिरलं की ते बाहेर काढायला डॉक्टर पुरत नाही. त्या दिवशी तिनं ते वाक्य स्वतःशी इतक्यांदा म्हटलं की ते सुशीलाचं न राहता तिचंच झालं. मी आणलं का त्याला माघारी? आणि गणपती, जो पोरीला कधी मोठ्यानं बोलला नाही, तो तिचं असं करेल?

सुशीलाची अट एकच होती. देवीपुढं शपथ घ्या, सोडलेल्या वस्तूला हात लावणार नाही. मग सून पाठवते. नाहीतर बाळंतपण रामनगरातच होईल.

पुतळीनं गावच्या सातेरी देवीपुढं नारळ ठेवला आणि शपथ घेतली. चार दिवसांनी सुनयना आली.

*

पुढच्या अवसेला पुतळी व्हाळावर गेली. कोंडीत पाईपाच्या दोन हात वर एक नवं गाठोडं अडकलं होतं, वरच्या वाडीतल्या कुणाचं तरी. बायकांनी सवयीनं हाक मारली आणि मग त्यांना तिची शपथ आठवली.

शिल्पाबाई म्हणाल्या, "मी काढते." पदर खोचून दोन पावलं आत गेल्या, वाकल्या, आणि तशाच थांबल्या. त्यांची धाकटी मुलगी तापानं घरी निजली होती. त्या सरळ झाल्या. "पुतळे, रागावू नको. माझ्याच्यानं होत नाही."

"मी कशाला रागावू?" पुतळी म्हणाली. तिला खरंच राग आला नव्हता. सगळ्या आयाच होत्या तिथे.

गाठोडं तसंच राहिलं. तीन दिवसांत नळाच्या पाण्याला वास येऊ लागला. पुतळी पाणी दोनदा उकळायची, फडक्यातून गाळायची, तांब्या नाकाशी नेऊन बघायची आणि मग सुनयनाला द्यायची. पोरगी पाणी पीत असताना पुतळी तिच्या गळ्याकडे बघत राहायची. हात लावला तर शपथ मोडते, नाही लावला तर पोर हे पाणी पिते. सात वर्षांपूर्वी दवाखान्यात वाटलं होतं तसंच, बसलं तर काहीतरी सुटून जाईल.

त्याच आठवड्यात शेजारचा वासूआजा गेला. दोन वर्षं अंथरुणाला खिळून होता. मुलगा कान्हू त्याचं सगळं करायचा. अकराव्या दिवशी दुपारी पुतळी त्यांच्या अंगणात जाऊन उभी राहिली. ओसरीवर कान्हू आणि त्याची बहीण कमल गाठोडं बांधायला बसले होते. फोमची गादी, दोन ब्लँकेटं, लघवीच्या पिशव्या, मापाच्या बाटल्या, प्लास्टिकची भोक पाडलेली खुर्ची.

"कान्हूदादा, एक मागायला आलेय."

"बोल की वैनी."

"उद्या सोडायच्या आधी ह्यातलं थोडं बाजूला काढून ठेव."

कमलच्या हातातली दोरी थांबली. "काय म्हणालीस? मेल्या घरात भंगार मागायला आलीस?"

"सोडलेलं उचलणार न्हाई अशी शपथ हाय माझी. अजून सोडलेलं न्हाई, तवर मागता येतंय म्हणून आले."

"वा गं वा! वकीलच व्हायची होतीस."

कान्हू मात्र हसला नाही, रागावलाही नाही. "काढून ठेवलं तर त्याचं काय करणार?"

इथे पुतळीला खोटं बोलता आलं असतं. रानात नेऊन देवाच्या झाडाखाली ठेवते म्हणाली असती तर कमलही गप्प बसली असती.

"पंचायतीची कचऱ्याची गाडी येती बुधवारी. तिच्यात जाईल."

"माझा बाप कचऱ्याच्या गाडीत?"

"बाप न्हाई, दादा. गादी."

कमल रडायला लागली. ती बापाच्या शेवटच्या महिन्यात हुबळीहून येऊ शकली नव्हती, आणि निदान हे तरी नीट व्हावं असं तिला वाटत होतं. पुतळीला तिथून निघून जावंसं वाटलं. पण सुनयना घरात होती, आणि घरातल्या कळशीत तेच पाणी होतं.

शेवटी कान्हूनं गाठ सोडली. एकेक वस्तू हातात घेऊन तो बघत होता. लघवीची पिशवी घेतली आणि म्हणाला, "ह्याचा त्याला लई राग होता. म्हणायचा, मेल्यावर तरी काढा. ही त्याच्याबरोबर कशाला पाठवायची?" ती त्याने बाजूला ठेवली. मग बाटल्या. मग खुर्ची, ब्लँकेटं. गादीपाशी तो जास्त थांबला. कमलनं तोंड फिरवलं.

धोतर, काठी, तंबाखूची कापडी चंची, एवढंच पुन्हा बांधलं.

पुतळी पुढं झाली तसा तो म्हणाला, "तू हात लावू नगंस. मीच घालतो गाडीत. पोरीचं पोट हाय तुझ्या घरात."

बुधवारी त्याने गादी स्वतः डोक्यावरून रस्त्यापर्यंत नेली. आणि परत आल्यावर घरात न शिरता तसाच वर कोंडीकडे गेला, अंगणातली जांभळं काढायची आकडी घेऊन, आणि पाईपाजवळचं ते परक्याचं गाठोडं बाहेर ओढलं. कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी नळाला स्वच्छ पाणी आलं तेव्हा पुतळीला कळलं.

*

कमलचं मन मात्र शांत झालं नाही. हुबळीला परत जाताना ती रामनगरला उतरली आणि सुशीलाला भेटून गेली. त्याच दिवशी चारच्या बसनं सुशीला वाडीत हजर. हातात रिकामी मोठी पिशवी, सुनेचे कपडे भरायला.

"सुनयना, आवर."

"आत्याबाई, बसा तर आधी."

"बसायला आले न्हाई. तुझ्या आईनं शपथ मोडली."

पुतळी चुलीपाशी होती. ती बाहेर आली आणि उंबऱ्यातच बसली.

"मोडली न्हाई. सातेरीपुढं चला, परत सांगते. सोडलेलं न्हवतं ते. आणि मी हात पण लावला न्हाई, कान्हूनं सगळं केलं."

"सोडायच्या आधीच अडवलंत."

"व्हय. अडवलं."

"का? काय अडतंय तुमचं? पाणी नेतंय की वाहून!"

"न्हाई नेत, विहीणबाई."

सुशीला पिशवी हातात धरून उभी होती. सुनयनानं पाट ठेवला. सुशीला त्यावर बसली, आणि बसल्यावर एकदम म्हातारी दिसू लागली.

"न्हाई नेत?" तिनं विचारलं.

"दहा-बारा हात जातं. मग अडकतं."

"सगळं?"

"मी बघितलं ते सगळं."

सुशीला अंगणाकडे बघत बोलू लागली, पुतळीशीही नाही आणि सुनेशीही नाही. तिचा नवरा तुकाराम गेल्या वर्षी गेला होता. रीत त्यांच्याकडेही तीच. बाराव्याला ओंकारनं मोटरसायकल पुलावर थांबवली, सुशीला मागं गाठोडं मांडीवर घेऊन बसलेली, आणि तिथूनच खाली सोडलं. घाई होती, मागून ट्रकांचे हॉर्न वाजत होते.

"त्यांचा मोबाईल त्यातच बांधला होता मी. सारखा हातात असायचा, म्हणून. घरी आल्यावर काय वाटलं कुणास ठाऊक, लावून बघितला." ती थांबली. "वाजला."

सुनयनानं आईकडे बघितलं.

"दोन दिवस वाजत होता. पाण्यात गेला असता तर वाजला असता व्हय? मी दुकानात मागच्या पोत्यांवर बसून लावायची. ओंकारला सांगितलं न्हाई. तिसऱ्या दिवशी बंद लागला." पदरानं तिनं तोंड पुसलं. "तवापासनं हेच डोक्यात. कुठं अडकलाय? कुणी उचलला असंल? चोरानं उचलला असंल का? तुमचं नाव ऐकलं आणि डोकंच फिरलं माझं. म्हटलं, अशीच कोण बाई त्यांचं उचलून पोत्यात भरती काय."

पुतळी उठून तिच्याजवळ गेली नाही. तेवढी जवळीक दोघींत नव्हती. ती उंबऱ्यातूनच म्हणाली, "कोणी भरलं असंल तर बरंच झालं म्हणा. उघड्यावर पडून तरी न्हाई."

"तुम्ही उचलताना काय म्हणता? काही मंत्र, नाव, काही?"

"मला काय मंत्र येतोय! वजन जास्त असतं भिजल्यावर. पाठीत उसण भरंल एवढंच ध्यान ठेवते." मग तिला वाटलं की हे कमी पडलं. "पण आपटत न्हाई. खाली ठेवते."

सुशीलानं मान हलवली. एवढ्यानं तिचं समाधान झालं की नाही ते पुतळीला शेवटपर्यंत कळलं नाही. सुनयनानं चहा आणला. ह्या वेळी तिनं तो घेतला.

बसची वेळ झाली तशी ती उठली. रिकाम्या पिशवीची तिनं चौपदरी घडी घातली आणि काखेत धरली. "लोखंडाची गोळी जेवणानंतर, आणि थायरॉईडची उपाशीपोटी. चहाबरोबर न्हाई घ्यायची," ती सुनेला म्हणाली. मग पुतळीकडे वळून, "शपथ मात्र ऱ्हाऊ दे विहीणबाई. बाळ हातात येईपर्यंत तरी. मला धीर न्हाई."

"मला तरी कुठं हाय," पुतळी म्हणाली. ते खरंच होतं. कान्हूच्या अंगणात ती जे बोलली ते पाण्यासाठी होतं, पण माणूस माघारी आणल्याचं सुशीलाचं ते वाक्य अजून तिच्या मनातून पुरतं गेलेलं नव्हतं.

आता सुनयनाला नववा लागलाय. फुलाआजी म्हणते, पोट खाली उतरलंय, आठवड्यावर जाणार नाही. अवसेला पुतळी काठावर उभी राहून बाकीच्यांना सांगते, कुठून ओढा, कुठं पाय निसरतो. गाठोडं आलं की कान्हू आकडी घेऊन येतो. वाडीत दुसरं कुणी अजून हात लावत नाही, आणि वरच्या वाडीनं सोडायचं थांबवलेलं नाही. घरात दाराशी दवाखान्याची पिशवी भरून ठेवलेली आहे. फोनला रेंज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून जीपवाल्याचा नंबर पुतळीनं भिंतीवर कोळशानं मोठ्या आकड्यांत लिहून ठेवलाय, आणि त्याखाली तो फोन उचलेनासा झाला तर कुणाच्या घरी धावत जायचं त्याचं नाव.